तरुण चेहरे, मुरलेले सूर

२९ डिसेंबर १९८९ रोजी ‘मैंने प्यार किया’ प्रदर्शित झाला, तेव्हा त्याचा नायक सलमान खान चोवीस वर्षांचा होऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. नायिका भाग्यश्री वीस वर्षांची होती आणि दिग्दर्शक सूरज बडजात्या पंचविशीच्या आसपासचा. सलमानच्या नावावर त्याआधी ‘बीवी हो तो ऐसी’मधली एक दुय्यम भूमिका होती. भाग्यश्रीला प्रेक्षक ओळखत होते ते अमोल पालेकरांच्या ‘कच्ची धूप’ या दूरदर्शन मालिकेमुळे, आणि तेही थोडेच. सूरजचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच चित्रपट. पोस्टरवर एकही बडे नाव नाही. साहजिकच हा चित्रपट ‘नव्या पिढीचा’ ठरला आणि आजही त्याची आठवण तशीच निघते.

पण ज्या गाण्यांमुळे तो घराघरांत पोचला, ती कोणी केली हे पाहिले की चित्र उलटे होते. गायिका लता मंगेशकर यांनी साठी गाठली होती. गायक एस. पी. बालसुब्रह्मण्यम त्रेचाळीस वर्षांचे होते. गीतकार असद भोपाली सत्तरीला टेकले होते. संगीतकार राम-लक्ष्मण सत्तेचाळीस वर्षांचे होते आणि दीड दशकापासून या धंद्यात होते. यांतल्या बहुतेकांना हिंदी चित्रपटसृष्टीने एका ठरावीक कप्प्यात बसवून ठेवलेले होते. मिसरूड फुटलेल्या प्रेमाची ही गाणी मुरलेल्या माणसांनी केली आणि म्हणूनच ती टिकली.

या मंडळींना एकत्र आणणारी संस्था म्हणजे राजश्री. ताराचंद बडजात्या यांनी १९४७ साली चित्रपट वितरणाचा व्यवसाय सुरू केला आणि १९६२च्या ‘आरती’पासून ते निर्मितीतही उतरले. मोठे तारे न घेता, साधी कौटुंबिक गोष्ट आणि चांगली गाणी यांवर चित्रपट चालवायचा, ही राजश्रीची रीत. ‘दोस्ती’ने १९६४ मध्ये लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांना पहिला फिल्मफेअर पुरस्कार मिळवून दिला. सत्तरच्या दशकात ‘गीत गाता चल’, ‘चितचोर’, ‘अँखियों के झरोखों से’ या चित्रपटांतून रवींद्र जैन यांचे नाव झाले. १९८२ चा ‘नदिया के पार’ उत्तर भारताच्या गावागावांत चालला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मात्र राजश्रीचा काळ कठीण झाला. व्हिडिओ कॅसेट घरोघरी आली, चोरट्या प्रती गल्लीत मिळू लागल्या, रविवारी सकाळी ‘रामायण’ लागले की रस्ते ओस पडू लागले. पडद्यावर मारधाडीचा जोर होता आणि राजश्रीच्या मवाळ गोष्टींना थिएटर मिळणे अवघड होऊ लागले होते.

ताराचंदजींचा नातू सूरज हा ‘सारांश’साठी महेश भट्ट यांच्या हाताखाली काम करून आलेला. त्याने मांडलेल्या गोष्टीत नावीन्य फारसे नव्हते. गरीब मेकॅनिक बाप आपली मुलगी श्रीमंत मित्राच्या घरी ठेवून परदेशी जातो. मित्राचा अमेरिकेहून परतलेला मुलगा तिच्या प्रेमात पडतो. श्रीमंत बापाला हे रुचत नाही आणि मैत्री तुटते. मग मुलीचा बाप अट घालतो, की पोराने स्वतःच्या कष्टाने महिन्यात दोन हजार रुपये कमवून दाखवावेत. वातानुकूलित घरात वाढलेला नायक ट्रक चालवतो, खाणीत घाम गाळतो. या गोष्टीला तीन तासांहून जास्त वेळ दिलेला आहे आणि त्या वेळेतला मोठा वाटा गाण्यांनी उचललेला आहे.

त्या गाण्यांचे श्रेय ‘राम-लक्ष्मण’ या नावाखाली येते. नाव जोडीचे असले तरी हिंदीतल्या जवळजवळ सगळ्या कामामागे माणूस एकच होता, आणि तो नागपूरचा होता. विजय पाटील यांचा जन्म १६ सप्टेंबर १९४२ रोजी नागपुरात झाला. वडील आणि काका यांच्याकडून संगीताचे पहिले धडे मिळाले. पुढे अ‍ॅकॉर्डियन आणि पियानोवर त्यांचा हात बसला. मुंबईत ते ऑर्केस्ट्राच्या जगात वावरले. त्या काळच्या मराठी ऑर्केस्ट्रात वादकाला एका संध्याकाळी शंकर-जयकिशन, मदनमोहन आणि आर. डी. बर्मन या सगळ्यांच्या चाली हुबेहूब वाजवाव्या लागत. कोणत्या जागी लोक शिट्टी मारतात आणि कुठे जांभई देतात, हे त्याला समोरच दिसत असे. संगीतकाराला याहून चांगली शाळा कुठली मिळणार!

दादा कोंडके यांनी त्यांना चित्रपटात आणले. विजय पाटील आणि त्यांचे साथीदार सुरेंद्र हेंद्रे यांचे ‘राम-लक्ष्मण’ हे बारसेही दादांनीच केले, अशी हकिकत सर्वश्रुत आहे. १९७५ चा ‘पांडू हवालदार’ या जोडीचा. त्यानंतर ‘तुमचं आमचं जमलं’ आणि ‘राम राम गंगाराम’ आले. महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर यांच्या आवाजांतली ती गाणी महाराष्ट्राच्या गावोगावच्या जत्रांत आणि लग्नांत वाजली. राजश्रीने ‘एजंट विनोद’ या हिंदी चित्रपटासाठी जोडीला करारबद्ध केले आणि त्याच सुमारास, १९७६ मध्ये, हेंद्रे यांचे निधन झाले. विजय पाटलांनी साथीदाराचे नाव गाळले नाही. पुढे ते एकट्याने काम करत राहिले आणि श्रेयनामावलीत ‘राम-लक्ष्मण’च लिहीत राहिले. अनेक श्रोते आजही हे दोघे भाऊ असल्याचे समजतात.

‘एजंट विनोद’ १९७७ ला आला, मग राजश्रीचाच ‘तराना’ आला. १९८१ च्या ‘हम से बढकर कौन’साठी त्यांनी मोहम्मद रफी आणि इतरांच्या आवाजांत एक गणपतीचे गाणे केले. चित्रपट कोणाला आठवत नाही, पण ते गाणे गणेशोत्सवात आजही मंडपामंडपांत लागते. तरीही पहिल्या फळीत त्यांचे नाव नव्हते. हिंदीच्या लेखी ते ‘दादा कोंडके यांचे संगीतकार’ होते आणि या ओळखीत कौतुकापेक्षा हेटाळणीच जास्त होती. दादांच्या द्वयर्थी गाण्यांना चाल लावणारा माणूस हळुवार प्रेमकथेला काय न्याय देणार, अशी ती शंका. खरे तर दादांच्या चित्रपटांनी त्यांना एक गोष्ट पक्की शिकवली होती. मुखडा इतका सोपा हवा, की पहिल्या खेळातून बाहेर पडणारा माणूस तो गुणगुणतच घरी गेला पाहिजे.

‘मैंने प्यार किया’मध्ये हे कसब ठायी ठायी दिसते. मुखडे आखूड आहेत. चाल गळ्यावर ताण आणत नाही. एखादा शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि तोच डोक्यात बसतो. ‘कबूतर जा जा जा’ हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. या गाण्याचा मुखडा जवळजवळ एका क्रियापदावर उभा आहे. कागदावर तो बालगीतासारखा वाटतो. पण ताटातूट झालेल्या प्रेमिकांची चिठ्ठी कबुतराने न्यायची, ही कल्पना फोनच्या जमान्यात कोणीही हसण्यावारी नेली असती. ती खरी वाटते ती लताबाईंच्या आवाजामुळे. त्या हे गाणे लाडिकपणे म्हणत नाहीत, आर्जवाने म्हणतात. कबुतराला सांगितलेले प्रत्येक ‘जा’ थोड्या वेगळ्या वजनाने येते. हे गाणे कानाला हेडफोन लावून केवळ त्या एका शब्दासाठी ऐकून पाहावे. साठ वर्षांची गायिका वीस वर्षांच्या मुलीसाठी गाते आहे, हे कुठेही जाणवत नाही, आणि जाणवत नाही ते आवाज कोवळा आहे म्हणून नाही, तर त्यामागे चार दशकांची शब्द टाकण्याची तालीम आहे म्हणून.

लताबाई तेव्हा निवडकच गात होत्या. १९८९ याच वर्षी यश चोप्रांच्या ‘चांदनी’तही त्यांचा आवाज होता. शिव-हरी यांचे ते संगीतही घरोघरी वाजत होते. एकाच वर्षी दोन यशस्वी प्रेमपटांना आवाज देणारी ही गायिका १९४९ च्या ‘महल’पासून नायिकांसाठी गात आली होती.

बालसुब्रह्मण्यम यांची गोष्ट वेगळी. दक्षिणेत ते हजारो गाण्यांचे धनी होते, हिंदीत मात्र त्यांच्यावर एक शिक्का बसलेला होता. १९८१ च्या ‘एक दूजे के लिए’साठी के. बालचंदर यांनी त्यांचा आग्रह धरला, तेव्हा लक्ष्मीकांत-प्यारेलाल साशंक होते, कारण त्यांच्या हिंदी उच्चारांना दक्षिणी वळण होते. चित्रपटाचा नायक तमिळ असल्यामुळे ते वळण खपून जाईल, असा युक्तिवाद झाला. गाणी गाजली, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण हिंदीतली मोठी रांग त्यांच्यासाठी खुली झाली नाही, कारण दक्षिणी नायक रोज कुठून आणणार? ‘मैंने प्यार किया’चा नायक प्रेम हा उत्तरेतल्या उद्योगपतीचा मुलगा. त्याच्यासाठी बालसुब्रह्मण्यम यांचा आवाज घेणे म्हणजे तो सगळा युक्तिवाद मोडीत काढणे होते.

हा निर्णय बरोबर का ठरला, हे ‘आते जाते’मध्ये लगेच कळते. बालसुब्रह्मण्यम गाताना हसतात. शब्दाच्या शेवटी श्वास सोडताना ते एक मिस्कील झाक ठेवून जातात. नवख्या सलमानच्या चेहऱ्यावर अजून न आलेला आत्मविश्वास त्या आवाजात आधीच होता. प्रेक्षकांना तो नायकाचा वाटला. त्यानंतर काही वर्षे सलमान म्हणजे बालसुब्रह्मण्यम हे समीकरणच झाले. ‘पत्थर के फूल’, ‘साजन’, ‘हम आपके हैं कौन..!’ या चित्रपटांत तोच आवाज आहे. ‘मैंने प्यार किया’ तेलुगूत ‘प्रेमा पावुरालु’ या नावाने डब होऊन गेला आणि तिथेही चालला. ज्या दक्षिणी वळणाची हिंदीत अडचण वाटत होती, त्याच्याच मुलखात हा हिंदी प्रेमपट असा परत पोचला.

शब्दांचेही असेच. ‘दिल दीवाना’ लिहिणारे असद भोपाली स्वातंत्र्योत्तर काळाच्या पहिल्या दशकापासून चित्रपटांसाठी लिहीत होते. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या पहिल्या चित्रपटात, ‘पारसमणि’त, त्यांची गाणी होती. त्यानंतर बहुतेक काम दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या चित्रपटांचे. नाव व्हावे असा मोठा चित्रपट हाती लागला तो थेट म्हातारपणी. ‘दिल दीवाना’साठी त्यांना फिल्मफेअर मिळाले आणि त्याच वर्षी, जून १९९० मध्ये, ते गेले. हे गाणे चित्रपटात दोनदा आहे, एकदा नायकाच्या आणि एकदा नायिकेच्या आवाजात. शब्द उर्दू परंपरेतले, पण एकही अवघड नाही. आयुष्यभर गझला आणि गाणी लिहिलेल्या माणसालाच इतके सोपे लिहिता येते.

तिसरा आवाज अनपेक्षित होता. बिहारच्या शारदा सिन्हा यांना मैथिली आणि भोजपुरी मुलुख छठपूजेच्या गीतांमुळे ओळखत होता. मुंबईच्या स्टुडिओतल्या तासलेल्या आवाजांत त्यांचा मातीचा आवाज एका विरहगीतासाठी वापरला गेला. कॅसेटवर बाकी गाणी संपून ते लागले की हवाच बदलते. राजश्रीचा मोठा प्रेक्षक उत्तर प्रदेश आणि बिहारच्या छोट्या शहरांत होता. त्याच्या घरातला सूर त्याला या गाण्यात सापडला.

या संगीताची एक बाजू अडचणीची आहे. ‘आते जाते’ची चाल स्टीव्ही वंडर यांच्या १९८४ साली गाजलेल्या, ऑस्कर मिळालेल्या गाण्यावरून उचललेली आहे. ‘मेरे रंग में’च्या सुरुवातीला स्वीडनच्या ‘युरोप’ या बँडच्या १९८६ च्या गाण्यातला सिंथेसायझरचा प्रसिद्ध तुकडा आहे. इंग्रजी गाणी ऐकणाऱ्या शहरी मुलांना हे तेव्हाही कळत होते. त्या काळी हिंदीत अशी उचलेगिरी सर्रास चाले आणि मूळ रचनाकाराचे नाव देण्याची पद्धत नव्हती, हे स्पष्टीकरण आहे, समर्थन नव्हे. मात्र उचललेला तुकडा आणि गाणे यांत फरक करायला हवा. युरोपच्या तुकड्यानंतर ‘मेरे रंग में’ लगेच हिंदी चालीच्या अंगणात उतरते आणि तिथून पुढे ते राम-लक्ष्मण यांचे आहे. ‘आते जाते’बद्दल तेवढे ठामपणे म्हणता येत नाही. तिथे बालसुब्रह्मण्यम यांनी गाणे वाचवले, असेच म्हणावे लागते.

सूरज बडजात्या यांचे कौशल्य गाणी जागी बसवण्यात होते. बहुतेक प्रेमपटांत गाणे आले की कथा थांबते आणि प्रेक्षक चहाला उठतो. इथे गाण्यातच काहीतरी घडते. गाण्यांच्या भेंड्यांचा प्रसंग बघा. घरात मित्रमैत्रिणी जमलेल्या, दोन फळ्या पडलेल्या, समोरासमोर बसून जुन्या चित्रपटांतल्या ओळी फेकल्या जात आहेत. प्रेम आणि नायिका सुमन अजून एकमेकांना सगळ्यांदेखत काही बोलू शकत नाहीत. मग ते दुसऱ्याच्या गाण्यांत बोलतात. बाकीच्यांना तो खेळ वाटतो आणि त्या दोघांचा संवाद सगळ्यांच्या देखत पार पडतो. भारतातल्या कुठल्याही एकत्र कुटुंबात लग्नाच्या आदल्या रात्री असे भेंड्यांचे फड रंगत. त्यामुळे प्रेक्षकांना यातला एकही संकेत समजावून सांगावा लागला नाही. आजोबा, आई आणि कॉलेजातला मुलगा या तिघांनाही त्यातले एक ना एक गाणे आपले वाटले. अशा रीतीने तरुणांचा म्हणून गाजलेला चित्रपट सहकुटुंब पाहिला गेला.

पडद्यावर मराठी माणसांचीही दाटी आहे. भाग्यश्री सांगलीच्या पटवर्धन राजघराण्यातली. प्रेमच्या आईची भूमिका रीमा लागूंची. तेव्हा तिशी नुकतीच ओलांडलेल्या रीमाताईंनी चोवीस वर्षांच्या नायकाची आई अशी काही उभी केली, की पुढची अनेक वर्षे हिंदी पडद्यावर त्या आईच राहिल्या. खलनायकी करणारा मोहनीश बहल हा नूतनचा मुलगा. आणि लक्ष्मीकांत बेर्डे! ‘अशी ही बनवाबनवी’ आदल्याच वर्षी येऊन गेलेला. मराठीत ज्याच्या नावावर चित्रपटगृहे भरत, त्याने हिंदीत घरातल्या नोकराच्या भूमिकेपासून सुरुवात केली. मराठी विनोदवीरांना हिंदीत कुठली जागा दिली जाई, याचा तो नमुनाच. मिळाली तेवढी जागा मात्र त्यांनी पुरेपूर वापरली.

हे संगीत पसरले ते कॅसेटवर. सत्तरच्या दशकापर्यंत तबकडी आणि तिचे यंत्र ही मध्यमवर्गाचीही चैन होती. ऐंशीच्या दशकात टू-इन-वन स्वस्त झाला आणि कॅसेट पानपट्टीवरही मिळू लागली. गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजने स्वस्त कॅसेटींचा पूर आणून जुन्या एचएमव्हीला घाम फोडला होता. ‘मैंने प्यार किया’ची कॅसेट एचएमव्हीने काढली आणि ती कंपनीच्या त्या काळातल्या मोठ्या यशांपैकी एक ठरली. १९८८ मध्ये ‘कयामत से कयामत तक’, १९८९ मध्ये ‘चांदनी’ आणि ‘मैंने प्यार किया’, १९९० मध्ये टी-सीरिजचा ‘आशिकी’ असे तीन वर्षांत चार प्रेमपट गाण्यांच्या जोरावर चालले आणि मारधाडीच्या दशकाने बाजूला सारलेली चाल पुन्हा मध्यभागी आली. निर्मात्यांना उमगले, की गाणी आधी बाजारात आणली तर चित्रपटाचा अर्धा प्रचार फुकट होतो. नव्वदच्या दशकातला हिंदी चित्रपट या हिशेबावर उभा आहे.

फिल्मफेअरमध्ये चित्रपटाला सहा पुरस्कार मिळाले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा एक, दोन नव्या कलाकारांचे दोन आणि उरलेले तीन संगीतासाठी: संगीतकार राम-लक्ष्मण, गीतकार असद भोपाली, गायक बालसुब्रह्मण्यम. सहा पुरस्कारांची निम्मी वाटणी अशी झाली, यातच सगळे आले. पाच वर्षांनी सूरज यांनी ‘हम आपके हैं कौन..!’ केला तेव्हा हेच संगीतकार, हेच दोन प्रमुख आवाज, शारदा सिन्हांचे एक विदाईगीत आणि तब्बल चौदा गाणी होती. तो तोवरचा सर्वाधिक कमाईचा हिंदी चित्रपट ठरला. संगीताचा पुरस्कार त्या वर्षी ‘१९४२: अ लव्ह स्टोरी’साठी दिवंगत आर. डी. बर्मन यांना मिळाला.

एवढे होऊनही विजय पाटील कधी पहिल्या रांगेत बसले नाहीत. नव्वदच्या दशकात नदीम-श्रवण, आनंद-मिलिंद, जतीन-ललित यांच्याकडे चित्रपटांची रीघ लागली आणि राम-लक्ष्मण मुख्यतः राजश्रीचे संगीतकार म्हणूनच ओळखले गेले. १९९९ च्या ‘हम साथ साथ हैं’नंतर त्यांचे नाव मागे पडले. महाराष्ट्र शासनाने २०१८ सालच्या लता मंगेशकर पुरस्कारासाठी त्यांची निवड केली. २२ मे २०२१ रोजी नागपुरात, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मराठी वृत्तपत्रांनी त्यांना ‘मैंने प्यार किया’चे संगीतकार म्हणून निरोप दिला; ‘पांडू हवालदार’चा उल्लेख बहुतेक ठिकाणी खाली होता.

हा क्रम वाचकांनी एकदा बदलून पाहावा. आधी ‘पांडू हवालदार’ आणि ‘राम राम गंगाराम’ची गाणी ऐकावीत, मग ‘हम से बढकर कौन’मधला गणपती, मग ‘मैंने प्यार किया’. ढोलकीच्या ठेक्यावर झिलकऱ्यांच्या साथीने लोकांना मुखडा पाठ करायला लावणारा माणूस आणि कबुतराच्या गाण्याने देशाला वेड लावणारा माणूस एकच आहे, हे ओळखायला संगीताचे शिक्षण लागत नाही.